उतरलेलं बिल आणि विनापरवाना खिळा

मी बढाईखोर माणूस नाही. माझ्या बायकोला, मुग्धाला विचारू नका, इतर कुणालाही विचारा. पण मीटिंग रूमचा एसी अठरावर असला आणि समोर खजुराची बिस्किटं ठेवलेली असली, की माझ्या तोंडून कधीकधी एखादं वाक्य निसटतं. जुलैमध्ये असंच एक निसटलं. "घरचं लाइटचं बिल मी ऑगस्टमध्ये एक तृतीयांशाने खाली आणून दाखवतो."

झालं! कशफ मॅडमसमोर निसटलेला शब्द परत तोंडात घालता येत नाही.

कशफ मॅडम आमच्या जनरल मॅनेजर, मूळच्या लाहोरच्या. शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये आमची कंपनी कोल्ड स्टोरेजची पॅनेलं बनवते. म्हणजे दुसऱ्यांचे मासे आणि आइस्क्रीम गार ठेवणं हा आमचा धंदा, आणि स्वतः उकडणं हा जोडधंदा. आमचा ॲडमिन मॅनेजर ट्रॉय नुकताच 'दुबईत फार उकडतं' म्हणून कॅनडाला निघून गेला होता आणि त्याची खुर्ची रिकामी होती. पाठीला जाळी, मानेला उशी, हात वरखाली होणारे. माझी कंबर गेली चार-पाच वर्षं धरलेली आहे आणि ती त्या खुर्चीशिवाय सुटणार नाही, असं माझं प्रामाणिक मत होतं. हुद्दा, पगारवाढ वगैरे गोष्टी आल्याच ओघाने.

मॅडम म्हणाल्या, "देखिए सुजीत भाई, ॲडमिनवाला सबको बोलेगा लाइट बंद करो, एसी कम करो. तो पहले अपने घर का बिल दिखाए. सितंबर में फॅमिली डे है. फॅमिली को लाइए, प्रोजेक्टर पर बिल लगाइए. नीचे आया, तो कुर्सी आपकी."

एचआरच्या नबिलाने ते लगेच मिनिट्समध्ये टाइप केलं. तिला एरवी एक पत्र टाइप करायला आठवडा लागतो.

घरी येऊन मी मुग्धाला सांगितलं. ती एका लॉजिस्टिक्स कंपनीत आहे आणि उन्हाळ्यात घरूनच काम करते. तिने हेडफोनचा एक कान वर केला.

"एक तृतीयांश? अरे, बाराशे दिरहम येतं आपलं बिल. अठ्ठावीस हजार रुपये! त्यातले चारशे तू कुठून काढणार?"

"नियोजनाने."

"आधी बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन दुरुस्त करून दाखव नियोजनाने," असं म्हणून तिने कान खाली केला.

आता इथे मला आमच्या घराबद्दल थोडं सांगायलाच हवं. आम्ही दोन वर्षांपासून राहतो दुबईच्या अल मनखूलमध्ये. इमारत जुनी, खोल्या ऐसपैस, एसी वयस्कर. करारपत्रात एक कलम असं, की भिंतीला खिळा मारायचा असेल तर मॅनेजमेंटची एनओसी लागेल. नाहीतर प्रत्येक भोकामागे डिपॉझिटमधून पैसे कापले जातील. मी कायदा पाळणारा माणूस. त्यामुळे आमचे लग्नाचे फोटो सोफ्याच्या मागे भिंतीला टेकून उभे आहेत आणि गणपती फ्रिजवर आहे. अख्ख्या घरात एकच खिळा, तोही आधीच्या भाडेकरूने मागे ठेवलेला, बाथरूमबाहेरच्या पॅसेजमध्ये. त्यावर दरवर्षी सासूबाई चिंचवडहून पाठवतात ते मराठी कॅलेंडर लटकतं.

दुसरी गोष्ट पाण्याची. इथे उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाक्या अशा तापतात की गार पाण्याच्या नळाला चहा करावा असं पाणी येतं. जुनेजाणते लोक म्हणून एक युक्ती करतात. मे महिन्यात हीटर बंद करायचा. हीटरची टाकी घरात, एसीच्या सावलीत असते, म्हणून तिच्यातलं पाणी गार राहतं आणि लाल नळाला गार पाणी येतं. निळा नळ कढत, लाल नळ गार, हे अंगवळणी पडलं की माणूस पक्का दुबईकर झाला म्हणायचं.

आमच्याकडे मात्र ही युक्ती चालत नसे. दर एक मेला मी बाथरूमच्या दाराशेजारचं हीटरचं बटण समारंभपूर्वक बंद करी, कुणी चुकून दाबू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी लावी, तरी लाल नळ निळ्यापेक्षाही कढत. मग आम्ही युक्तीवरचा विश्वास न सोडता रात्री लाल नळाखालीच बादल्या भरून बेडरूममध्ये एसीखाली ठेवायचो आणि सकाळी त्या गार पाण्याने आंघोळ करायचो. एक्झॉस्ट फॅनचंही तसंच. थंडीत व्यवस्थित चालायचा, आणि मे उजाडला की बंद.

"मोटर तापते रे," लॅन्सी म्हणाला होता. "आणि तुझी कोपऱ्याची फ्लॅट ना, पाइप बाहेरच्या भिंतीवरून येतात. पाणी गरमच येणार."

लॅन्सी आमचा शेजारी, वसईचा. एका हॉटेलात बँक्वेटचा कॅप्टन आहे. तिथल्या इंजिनीअरिंगच्या लोकांबरोबर जेवतो, म्हणून विजेचा तज्ज्ञ. माझ्या काळजातला काटा असा की त्याच्याकडे तेवढ्याच खोल्या, तेवढेच एसी, शिवाय त्याची बायको डोरोथी दर रविवारी ओव्हन पेटवते; तरी त्याचं बिल आमच्यापेक्षा कितीतरी कमी. तो ते सांगायचाही अशा आवाजात, की जणू आपल्या पोराचा नंबर आला.

त्याच सुमारास सासूबाई आल्या. जुलैच्या शेवटी सगळी दुबई भारतात पळत असते, तिकिटं आभाळाला भिडतात. तिकडून इकडे मात्र कुणी येत नाही, म्हणून ते तिकीट स्वस्त. हा शोध सासूबाईंनी स्वतः लावला. शुभ्राच्या शाळेला सुट्टी, घरात आम्ही दोघं कामात, तर नातीला सोबत होईल म्हणून आल्या. विभावरी त्यांचं नाव. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. आवाज अजून प्रार्थनेच्या वेळेचाच आहे.

एअरपोर्टवरून आणताना मी म्हटलं, "आई, अगदी संकोच करू नका. घर तुमचंच आहे."

"बरं झालं सांगितलंत, सुजीतराव," त्या म्हणाल्या.

आणि तसंच वागल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी फ्रिज पुढे ओढून मागची धूळ झाडली. तिसऱ्या दिवशी कुठली बाजू कधी तापते ते बघून पडद्यांचं वेळापत्रक बसवलं. मला ही बाई फार आवडते. माझ्या मित्रांना सासूबद्दल विनोद सांगायची सवय आहे. मी त्यात कधी भाग घेत नाही, कारण माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही.

तर मोहीम. पहिला सल्ला लॅन्सीचा. "खिडक्यांना फॉइल लाव. ऊन आल्या पावली परत जातं." फॉइलचे दोन मोठे रोल त्यानेच स्वस्तात मिळवून दिले. शनिवारी मी शिडीवर चढलो. तोंडात चिकटपट्टीचे तुकडे, काखेत रोल, घामाने चष्मा नाकाच्या शेंड्यावर. शुभ्रा खाली शिडी धरून होती.

"Baba, are you sure this is legal?"

"सूर्य अडवायला कायदा लागत नाही," मी चिकटपट्टीमधून म्हणालो.

तेवढ्यात सासूबाई दारात आल्या. हातात पॅसेजमधलं कॅलेंडर होतं. महिना बदलला होता, आणि त्यांची पद्धत अशी की कॅलेंडर खिळ्यावरून काढून, खुर्चीत बसून, पानामागचा लेख आणि पाककृती नीट वाचायच्या. कॅलेंडरच्या पाठीमागे वाचायला असतं हे आम्ही दुबईला आल्यापासून विसरूनच गेलो होतो. त्या काहीतरी बोलायला आल्या होत्या. तोंड उघडलं, मग आमच्या दोघांकडे जरा वेळ बघितलं आणि तशाच परत गेल्या. वाटलं, एखादी पाककृती सांगायची असेल.

संध्याकाळी वॉचमन वर आला. "साब, सामनेवाली बिल्डिंग से कंप्लेंट है. बोल रहे, हमारे हॉल में दो-दो सूरज आ रहे."

सोमवारी मी मॅनेजमेंटच्या ऑफिसात गेलो. काउंटरवरच्या मॅडम अतिशय गोड होत्या. म्हणाल्या, खिडकीचं रूप बदललं म्हणजे एनओसी हवी. मी म्हटलं, द्या. त्या म्हणाल्या, अर्जासोबत मूळ खिडकीचा, म्हणजे फॉइलशिवायचा फोटो जोडा. मी म्हटलं, मग फॉइल काढतो. त्या म्हणाल्या, नाही नाही, तक्रार नोंदवली गेली आहे, निर्णय होईपर्यंत खिडकीला हात लावायचा नाही. मी विचारलं, निर्णय कधी? "इन्शाल्ला, टुमारो." हा टुमारो मी बारा वर्षं ऐकतो आहे, माझी त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण हात न लावता फोटो कसा काढायचा, हे त्यांनाही सांगता येईना. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बराच वेळ सहानुभूतीने पाहिलं. शेवटी वॉचमननेच समोरच्यांच्या हॉलमध्ये जाड पडदे लावून घेतले, आणि त्यांचंही बिल कमी झालं असेल असं मी मनाशी धरून चाललो.

दुसरा सल्ला मुग्धाच्या मैत्रिणीचा. सगळ्यांनी दिवसभर एकाच खोलीत राहायचं, बाकीचे एसी बंद. कागदावर उत्तम योजना! प्रत्यक्षात आमच्या हॉलमध्ये एका टोकाला मुग्धाचा रॉटरडॅमशी कॉल, दुसऱ्या टोकाला शुभ्राचा गेम, मधोमध सासूबाईंचं स्तोत्र, आणि शुक्रवारी घरून काम करणारा मी. एकदा रॉटरडॅमच्या साहेबाने विचारलं, हे तुमच्या कंपनीचं नवं होल्ड म्युझिक आहे का, छान आहे, वाढवा. एसी मी सव्वीसवर आणला होता.

"Baba, my tablet is giving me a temperature warning," शुभ्रा म्हणाली.

"आमच्या लहानपणी आम्ही..."

"You didn't have tablets."

मग तिसरा उपाय: संध्याकाळी घरचे सगळेच एसी बंद करून मॉलमध्ये जायचं. फुकटची थंडी! पहिल्याच संध्याकाळी शुभ्राने बबल टी, म्हणजे साबुदाण्याएवढ्या मोत्यांचा गार चहा प्यायला, मुग्धाला सेलमध्ये चपला मिळाल्या, आणि वीज वाचवणारा एक उंच पंखा मला इतका पटला की मी तो घेतलाच. पार्किंगमध्ये मुग्धाने हिशेब मांडला. पाचशेच्या वर दिरहम, बारा हजार रुपये. मी तिला शांतपणे समजावलं, की हा खर्च लाइटच्या बिलात धरत नाहीत. तिने गाडीत बसताना दार जरा जास्तच जोरात लावलं.

फक्त सासूबाई! त्या पिशवीत चिवडा आणि पाण्याची बाटली घेऊन, पांढरे बूट घालून मॉलच्या फेऱ्या मारत. एका दुकानात शिरल्या नाहीत. तिथली सफाई, ती शिस्त, व्हीलचेअरसाठीचा उतार, सगळं बघून "वा!" म्हणत. फेऱ्या संपल्या की बाकावर बसून शेजारच्या अनोळखी बायकांना चिवडा देत. घरी येताना सगळ्यात ताज्यातवान्या त्याच असायच्या.

आणि मग हळूहळू चमत्कार दिसायला लागले.

पहिला चमत्कार पंख्याचा. एक्झॉस्ट फॅनसाठी मी जूनमध्ये मॅनेजमेंटच्या ॲपवर तक्रार टाकली होती. कुणी आलं नाही, पण 'रिझॉल्व्ह्ड' असा मेसेज आला. मी तेव्हा दोन दिवस जेवलो नव्हतो नीट, इतका चिडलो होतो. आता ऑगस्टमध्ये सासूबाई आंघोळीला गेल्या की आतून घरघर ऐकू येऊ लागली. फॅन चालत होता! मी आत गेलो की मात्र बंद. टायमर बसवला असणार, मी ठरवलं. घरात पाऊल न टाकता हे लोक दुरुस्ती करतात! काय देश आहे! मी ॲपवर जाऊन पाच तारे दिले आणि चार ओळी कौतुकाच्या लिहिल्या.

दुसरा चमत्कार पाण्याचा. लाल नळाला गार पाणी येऊ लागलं. अगदी गार. बादल्या भरून ठेवायची गरज उरली नाही. फॉइल! पाइप जातात त्या भिंतीशेजारच्या खिडकीलाच मी फॉइल लावलं होतं ना. मी लॅन्सीला मिठी मारायचा बाकी होतो.

"बोललो ना तुला," लॅन्सी म्हणाला. "थर्मल आहे सगळं." आम्ही दोघं या शब्दावर बराच वेळ मान डोलावत उभे राहिलो.

आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला फोनवर बिल आलं. मी आधी डोळे मिटले, मग एक उघडला. सातशे नव्वद. सातशे नव्वद! मी मुग्धाला हाक मारली, शुभ्राला मारली, लॅन्सीलाही बोलावलं. सासूबाई म्हणाल्या, "शाब्बास, सुजीतराव! कष्टाचं फळ मिळालं." आणि माझ्या हातावर साखर ठेवली.

फॅमिली डे कंपनीच्या कँटीनमध्ये होता. आकाशी-पांढरे फुगे, बिर्याणीची मोठमोठी पातेली, कामगार, सुपरवायझर, त्यांची बायकापोरं. ट्रॉयची खुर्ची मुद्दाम स्टेजवर आणून ठेवली होती. मी नवा शर्ट घातला होता. स्लाइड्स मी स्वतः केल्या होत्या: फॉइलचा फोटो, एका खोलीत बसलेलं कुटुंब (मुग्धाचा चेहरा झाकून, तिच्या विनंतीवरून), 'थर्मल मॅनेजमेंट ऑफ वॉटर' नावाची एक आकृती. शेवटी जुलैचं बिल, शेजारी ऑगस्टचं. टाळ्यांनी पत्रा थरथरला. शुभ्रा पहिल्या रांगेत बसून व्हिडिओ काढत होती.

कशफ मॅडम उठल्या. "माशाल्ला, सुजीत भाई! अब ये बताइए, इन सब में सबसे ज़्यादा असर किस चीज़ का हुआ?"

"मॅडम, कम्बाइंड अप्रोच," मी म्हणालो.

"हां, पर सबसे ज़्यादा?" त्यांनी पहिल्या रांगेत बघितलं. "आंटी, आप तो घर में थीं. आप बताइए ना."

सासूबाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं.  मग त्या उभ्या राहिल्या. माइक नको म्हणाल्या.

"देखो बेटी, मैं पैंतीस साल शिक्षिका थी, झूठ मुझसे बोला नहीं जाता," त्यांनी त्यांच्या चिंचवडी हिंदीत सुरुवात केली. "जावई ने बहुत मेहनत किया. शिडी पे चढ़ा, सब किया. लेकिन असर एक बटण का हुआ. पॅसेज में कॅलेंडर है, उसके पीछे एक बटण था. उसकी बत्ती गई हुई थी, इसलिए चालू है कि बंद, दिखता नहीं. मैंने बंद किया और रुकी, क्या बंद पड़ता है. कुछ नहीं पड़ा. दूसरे दिन नल में ठंडा पानी आया. तब समझा, वो हीटर था. दो साल से चालू!"



"और ये लोग जो बटण हीटर का समझ के हर मई में बंद करते थे, उसकी चिकटपट्टी उठा के मैंने दबाया, तो वो था पंखे का!" त्यांना आता वर्गावर असल्यासारखी लय सापडली होती. "मतलब उन्हाळे में बिजली से पानी गरम करते थे. फिर रात भर एसी लगा के वो पानी ठंडा करते थे. फिर उससे आंघोळ करते थे!"

हसण्याचा असा स्फोट झाला की बिर्याणीवरचं झाकण पडलं. लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. नबिला रुमालात तोंड घालून हसत होती. आणि मी स्टेजवर, माझ्या मागे पडद्यावर 'थर्मल मॅनेजमेंट ऑफ वॉटर', आणि शेजारी ती खुर्ची. धरणी पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण फ्री झोनमध्ये त्यालाही परमिट लागलं असतं.

"हंसो मत!" सासूबाई कडाडल्या. अख्खं कँटीन गप्प झालं. लहान पोरांनी तर हाताची घडी घातली.

"मैं पहले दिन आई, तो जावई बोले, आई, घर तुम्हारा ही है. सब लोग बोलते हैं ऐसा. लेकिन ये मन से बोले. इसलिए मैंने कॅलेंडर भिंत से निकाला, बटण दबाए, फ्रिज सरकाया. पाहुणी समझ के रखते, तो मैं सोफे पे बैठ के सरबत पीती और वापस जाती. बिल मैंने उतारा नहीं. बिल इनके उस एक बोलने से उतरा." त्या थांबल्या, आणि सगळ्यांवरून नजर फिरवली. "अब तुम बताओ. तुम्हारे घर का एक-एक बटण किसका है, किसको मालूम है? हाथ ऊपर करो."

एकही हात वर झाला नाही.

मागच्या टेबलावर एका फोरमनने हळूच फोन काढला. "सुन, बाथरूम के बाहर जो कपाट है ना, उसके पीछे देख तो ज़रा." मग दुसऱ्याने काढला. मग नबिलाने. बघता बघता अख्खं कँटीन मल्याळम, उर्दू, टागालोग, बंगाली अशा सगळ्या भाषांत घरी फोन करून बटणं शोधायला लागलं. "मिल गया!" असं कुणीतरी ओरडलं, आणि टाळ्या पडल्या. कशफ मॅडम कोपऱ्यात जाऊन नवऱ्याशी बोलत होत्या. "वो बड़ी वाली पेंटिंग... हां, वही, उतारो... है? लाल बत्ती?... चालू है?" त्यांनी फोन पर्समध्ये टाकला आणि दोन्ही हातांनी ओढणी सारखी केली. या वेळी हसायची कुणाची हिंमत झाली नाही.

नबिलाने मिनिट्स उघडले. "मॅडम, शर्त में लिखा है, बिल नीचे आए. किसने उतारा, ये नहीं लिखा."

"तो कुर्सी सुजीत भाई की," मॅडम म्हणाल्या. "लेकिन कंपनी ने स्टाफ के लिए जितने फ्लॅट ले रखे हैं, सब चेक करने हैं. और आंटी साथ जाएंगी. आंटी के बग़ैर नहीं."

मी खुर्चीत बसलो. कंबर खरंच सुटल्यासारखी वाटली. पण मान वर होत नव्हती. परतीच्या वाटेवर आम्ही शारजाच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो. मुग्धा खिडकीकडे तोंड करून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. ती रडत नव्हती हे मला चांगलं ठाऊक होतं.

घरी आल्यावर मी थेट पॅसेजमध्ये गेलो आणि कॅलेंडर उचलून पाहिलं. होतं. चांगलं तळहाताएवढं बटण. दोन वर्षं रोज तारीख बघायला मी त्याच्यासमोर उभा राहत होतो.

सासूबाई स्वयंपाकघरात आमटीला फोडणी देत होत्या. मी दारात जाऊन उभा राहिलो. रागच आला होता मला, खोटं कशाला बोलू?

"आई, त्याच दिवशी सांगितलं असतंत तर? मी महिनाभर फॉइल काय, मॉल काय... स्टेजवर आकृती दाखवत होतो मी!"

त्यांनी गॅस बारीक केला.

"सांगायलाच आले होते की, सुजीतराव. कॅलेंडर हातात घेऊनच. तुम्ही शिडीवर होतात, तोंडात चिकटपट्ट्या. आणि शुभ्रा खालून शिडी धरून तुमच्याकडे बघत होती. आपला बाबा सूर्याला अडवतोय, असं. बारा वर्षांची मुलगी बापाकडे असं फार दिवस बघत नाही हो. मी शाळेत खूप मुली पाहिल्यात. दुसऱ्या दिवशी गार पाणी आलं तेव्हा म्हटलं, बटण मी बंद केलंय, वीज वाचतेच आहे. बाकीचं जातंय कुठे? आज विचारलं नसतं, तर कधीच बोलले नसते."

मी चष्मा काढून शर्टाला पुसला. 

मागून शुभ्रा आली. तिने सगळं ऐकलं होतं. "Aaji, I knew about the foil. It was ridiculous," ती म्हणाली. मग माझ्या दंडाला डोकं टेकून थोडी थांबली. "But it was fun, Baba."

मी माळ्यावरून हातोडी काढली. ती आमच्याकडे आहे हे मुग्धालाही माहीत नव्हतं. लॅन्सीकडून एक खिळा मागून आणला. कशाला हवा ते सांगितलं नाही.

"आई, कॅलेंडर कुठे हवं?"

"अहो, पण ती एनओसी, डिपॉझिट..."

"कापू दे डिपॉझिट. तुम्ही जागा सांगा."

त्यांनी घरभर फिरून बघितलं. शेवटी जेवणाच्या टेबलाजवळची भिंत दाखवली, खुर्चीत बसून मागचं वाचता येईल अशी. मी खिळा धरला, आणि दुबईतल्या माझ्या सगळ्या आयुष्यातला पहिला घाव घातला. धाड! आवाज असा घुमला की वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली. मी दुसरा घातला, तिसरा घातला. अंगठ्यावर एक बसला, तरी थांबलो नाही.

दारावर थापा पडल्या. बाहेर लॅन्सी, पायजम्यात, डोळे मोठे करून. "अरे सुजीत, वेडा झालास काय? भिंतीत खिळा? एनओसी आहे तुझ्याकडे?"

"आहे," मी म्हटलं. "आईंची आहे."